घरात एक मोठं कुत्रं असताना दुसरं दत्तक घेताय? जोडी जमेल का, हे कसं ओळखायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात ५ वर्षांचा ग्रेट डेन नर आहे, नसबंदी झालेला, साधारण ६० किलोचा. त्याच्यापेक्षा वयाने मोठी असलेली जोडीदारीण काही महिन्यांपूर्वी गेली. आता दुसरं मोठं कुत्रं दत्तक घ्यायचंय आणि दोन पर्याय समोर आहेत. एक आश्रयगृहातला दीड वर्षाचा रॉटवायलर नर. डेनला बघताच तो खेळायला उतावीळ झाला आणि पंधरा-वीस मिनिटं दोघांनी नुसता धुडगूस घातला. दुसरी फॉस्टर घरी, म्हणजे दत्तक मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळ करणाऱ्या कुटुंबात, राहणारी ४ वर्षांची शेफर्ड-मिश्र मादी. तिने डेनचा वास घेतला, थोडं फिरली आणि बाजूला जाऊन बसली. घरच्यांचा कल रॉटवायलरकडे आहे, कारण 'दोघांचं लगेच जमलं'. कोणाला आणावं आणि कसं आणावं, हे तुम्हाला हवंय.

आज हाती असलेल्या माहितीवर मी त्या मादीच्या बाजूने आहे. घरच्यांना ती ज्यामुळे थोडी फिकी वाटली, नेमक्या त्याच गोष्टीमुळे.

दोन कुत्री एकत्र राहतात तेव्हा खेळण्यात दिवसातला फार थोडा वेळ जातो. उरलेला वेळ झोपणं, लोळणं, दारातून ये-जा करणं, तुमच्या मागेमागे फिरणं, पाणी पिणं आणि बेल वाजली की धावणं यात जातो. भांडणं बहुतेक याच वेळात होतात. म्हणून पहिल्या भेटीत मी खेळ बघतच नाही असं नाही, पण त्याहून जास्त महत्त्व देते ते एका गोष्टीला: दोघांना एकमेकांच्या जवळ असूनही एकमेकांना मोकळं सोडता येतं का? एक उठून गेला तर दुसरा त्याला जाऊ देतो का? एकाने मान वळवली की दुसरा थांबतो का? त्या मादीने वास घेतला, पुरेसं झाल्यावर बाजूला झाली आणि अनोळखी ६० किलोचा नर समोर असताना खाली बसू शकली. कुत्र्यांच्या व्यवहारात हा फार मोठा शहाणपणा आहे.

रॉटवायलरबद्दल माझं मन कलुषित नाही, हेही सांगते. नीट वाढवलेलं रॉटवायलर अतिशय प्रेमळ असतं. पण त्याचं वय, लिंग आणि तुमच्या डेनचं वय या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा. मोठ्या जातींचं शरीर दीड वर्षात बऱ्यापैकी भरतं, पण स्वभाव पक्का व्हायला दोन ते तीन वर्षं लागतात. आज तुम्ही बघताय तो वयात येऊ घातलेला मुलगा आहे. तिसऱ्या वर्षी तो इतर नरांशी कसा वागेल हे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. आता डेनकडे बघा. या जातीचं आयुष्य साधारण ७ ते १० वर्षांचं. म्हणजे पाच वर्षांचा डेन तरुण दिसत असला तरी उतरणीला लागायची वेळ जवळ आली आहे. रॉटवायलर ऐन जोमात येईल तेव्हा डेनचे सांधे कुरकुरायला लागलेले असतील. दुखणारं कुत्रं धक्का सहन करत नाही आणि जोमातल्या नराला गुरगुरणं ऐकून मागे सरकायची सवय असेलच असं नाही. मी पाहिलेल्या मोठ्या कुत्र्यांच्या वाईट भांडणांत ही जुळणी पुन्हा पुन्हा दिसते: दोन नर, एक उतरत्या वयाचा आणि एक चढत्या.

यावर अभ्यासही आहे. एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांच्या ३८ प्रकरणांचा एक अमेरिकी अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे ८० टक्के जोड्या समलिंगी होत्या. भांडण उकरून काढणारं कुत्रं बहुतेक वेळा वयाने लहान आणि घरात नंतर आलेलं होतं. ठिणगी पडायची कारणं म्हणजे मालकाचं लक्ष, खाणं, उत्साहाचा क्षण आणि कुठेतरी सापडलेली एखादी वस्तू. हे सगळे मदतीसाठी दवाखान्यात पोचलेले, म्हणजे आधीच बिघडलेले संसार होते. गुण्यागोविंदाने राहणाऱ्या नर-नर जोड्या त्यात मोजलेल्या नाहीत, आणि अशा जोड्या पुष्कळ असतात. तरीही दोन्ही बाजूंना पन्नास-साठ किलो असताना मी शक्यता आपल्या बाजूने ठेवते. नसबंदी झालेला नर आणि नसबंदी झालेली मादी ही त्यातल्या त्यात सुरक्षित जोडी. दोन माद्यांच्या बाबतीत मी सर्वांत सावध असते, कारण त्यांचं एकदा बिनसलं की ते मिटवणं फार अवघड जातं.

वजनाचा मुद्दा लोक हलक्यात घेतात. पाच-सात किलोच्या दोन कुत्र्यांचं वाजलं तर माणूस मध्ये पडून सोडवू शकतो. ६० आणि ४५ किलोच्या दोन कुत्र्यांना घरात एकटी असलेली व्यक्ती वेगळं करू शकत नाही, हे आधीच मान्य करून ठेवायचं. म्हणून मोठ्या कुत्र्यांच्या बाबतीत सगळी मेहनत भांडण होऊच नये यासाठी आधी करायची असते.

आता तुमच्या डेनबद्दल. जोडीदार गेल्यावर कुत्री बदलतात. २०२२ साली इटलीत ४२६ मालकांचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं; घरातलं दुसरं कुत्रं गेल्यावर उरलेल्याच्या वागण्यात फरक पडल्याचं बहुतेकांनी सांगितलं. जास्त लक्ष मागणं, खेळ कमी होणं, जास्त झोपणं, खाणं कमी होणं. मालकाचं स्वतःचं दुःख आणि कुत्र्याचं घाबरणं, खाणं सुटणं यांचाही संबंध त्यात दिसला. म्हणून विचारते: डेन पूर्ववत खातोय का? फिरायला जाताना तसाच उत्साही असतो का? उत्तर 'हो' असेल तर पुढे जा. नसेल तर आधी त्याची तब्येत तपासून घ्या आणि थोडं थांबा. उदास कुत्र्यावर औषध म्हणून दुसरं कुत्रं आणलं की दोघांवरही अन्याय होतो. एकटं राहिल्यावर भुंकणं, दार ओरबाडणं असा त्रास असेल तर तोही दुसऱ्या कुत्र्याने सहसा जात नाही, कारण त्याला हवं असतं ते माणूस.

आणखी एक बारीक गोष्ट. आधीच्या जोडीत डेन धाकटा होता. कुठे झोपायचं, दारातून आधी कोण जाणार, खेळ कधी संपला, हे बहुधा ती मोठी मादी ठरवायची आणि हा जुळवून घ्यायचा. तो 'दुसऱ्या कुत्र्याबरोबर छान राहिलाय' ही नोंद खरी आहे, पण ती त्या मादीबरोबरची आहे. आता पहिल्यांदाच घर त्याचं असेल आणि येणारं कुत्रं पाहुणं असेल. त्याचा मवाळपणा कायम राहील असं मलाही वाटतं, पण ते गृहीत धरू नका. दुसरं कुत्रं आणण्याआधी त्याचे कंबर आणि कोपराचे सांधे, पाठ आणि हृदय पशुवैद्याकडून तपासून घ्या. लपलेलं दुखणं हे चिडचिडीचं मोठं कारण असतं आणि ग्रेट डेन दुखणं बरंच लपवतात. हृदयाचा स्नायू ताणून कमजोर होण्याचा आजारही या जातीत आढळतो, तेव्हा ती तपासणी वाया जाणार नाही.

आश्रयगृह आणि फॉस्टर घर यांतला फरक दत्तक घेणाऱ्यांना नीट सांगितला जात नाही. आश्रयगृहात आलेल्या कुत्र्यांमध्ये तणावाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, पहिल्या काही दिवसांत विशेष वाढलेलं असतं. एक-दोन रात्री कुणाच्या घरी झोपायला नेलं तरी ते उतरतं आणि परत आणलं की पुन्हा पूर्वीच्या पातळीवर जातं, असं २०१९ च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणजे जाळीआड दिसणारं कुत्रं हे त्या जागेतलं कुत्रं असतं. कुणी तिथे जाळीवर झेपावतं आणि घरी गाय असतं, कुणी तिथे गोठून गप्प असतं आणि घरी तीन आठवड्यांनी रंग दाखवतं. रॉटवायलरचा तो धुडगूसही काही अंशी दिवसभर कोंडल्याचा स्फोट असू शकतो. फॉस्टर घरातली मादी मात्र सोफा, दार, पाहुणे, स्वयंपाकघर, रात्र हे सगळं जगून झाली आहे. तिच्याबद्दलची माहिती प्रत्यक्ष घरातली आहे आणि ती माहिती सोन्यासारखी आहे. ती विचारून घ्या.

विचारताना 'कुत्र्यांशी चांगली आहे का' असं विचारू नका, उत्तर 'हो' असंच येतं. प्रसंग विचारा. जेवताना दुसरं कुत्रं जवळून गेलं तर ती काय करते: भराभर खाते, थबकते, गुरगुरते, की मान वर करून परत खाते? झोपेतून दचकून उठली तर? फॉस्टर आई किंवा बाबा दुसऱ्या कुत्र्याचे लाड करत असतील तर ती मध्ये घुसते का? अरुंद जागेत समोर कुत्रं आलं तर कोण मागे होतं? कधी भांडण झालं असेल तर ते कशावरून झालं, किती वेळ चाललं, कसं थांबलं आणि जखम झाली का? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आरडाओरडा खूप पण जखम शून्य, अशी पूर्वपीठिका मला चालते. त्याचा अर्थ त्या कुत्र्याला जबडा आवरता येतो. आवाज न करता थेट धरलं आणि टाके घालावे लागले, हे एकदाही घडलं असेल तर मोठ्या कुत्र्याच्या घरात मी ती जोखीम घेणार नाही. नसबंदी कधी झाली, कोणत्या लसी झाल्या, घरात इतर कोणत्या वयाची कुत्री आहेत हेही विचारा. आणि विशेष म्हणजे, तिथे तिच्याहून मोठं कुत्रं होतं का? स्वतःपेक्षा लहान कुत्र्यांत राहिलेल्या शेफर्डला डोक्यावरून मान टाकणारा डेन पहिल्यांदाच भेटत असेल.

मानेचा विषय निघालाच आहे तर देहबोलीबद्दल थोडं. डेनची उंची ही त्याची अडचण आहे. तो सहज चालत गेला तरी त्याची हनुवटी दुसऱ्याच्या खांद्यावर येते, आणि खांद्यावर हनुवटी टेकवणं हा कुत्र्यांच्या भाषेत दबाव आहे. दुसऱ्याचं अंग ताठ झालं, तोंड मिटलं, शेपूट वर गेली आणि हालचाल थांबली की समजा, दबाव पोचला. याच क्षणी शांत आवाजात दोघांना वेगवेगळ्या दिशांनी चालतं करायचं. पाठीवरचे केस उभे राहिले म्हणून लगेच घाबरू नका, ते नुसत्या उत्तेजनेनेही उभे राहतात. मला काळजी वाटते ती ताठरपणाची आणि रोखलेल्या नजरेची. याउलट सैल अंग, अर्धवट उघडं तोंड, वळसा घेऊन जवळ येणं, मध्येच जमिनीचा वास घेणं, अंग झटकणं, ही सगळी चांगली लक्षणं. खेळ सुरू झाला तर बघा की भूमिका बदलतात का: कधी हा पळतो तो पाठलाग करतो, कधी उलट. मोठा मुद्दाम खाली लोळतो का? शंका वाटली तर जो वरचढ ठरतोय त्याला धरून ठेवा आणि दुसऱ्याला मोकळं सोडा. तो परत खेळायला आला तर ठीक. पळून गेला तर तो खेळ नव्हता.

खेळण्याची पद्धतही जुळावी लागते. रॉटवायलर, मास्टिफ वळणाची कुत्री अंगाने धडका देत कुस्ती खेळतात. शेफर्ड वळणाची बहुतेक पाठलाग करतात, घेरतात, टाचेला तोंड लावतात. डेन दोन्ही करतात, पण पंजा फार वापरतात, आणि त्या पंजाचं वजन समोरच्याच्या पाठीला सोसावं लागतं. तुमच्या मादीला पंजा पाठीवर पडलेला आवडतो का, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळेल.

भेटी कशा घ्यायच्या, ते सांगते. दोघांपैकी कुणाचीच नसलेली मोकळी जागा घ्या, कुत्र्यांचं उद्यान नको. दोन माणसं, दोन लांब दोऱ्या, आणि दोऱ्या सैल. ताणलेली दोरी कुत्र्याची छाती पुढे काढते आणि समोरच्याला ते आव्हान वाटतं. सुरुवातीला दहा-पंधरा मीटर अंतर ठेवून एकाच दिशेने समांतर चालायचं, समोरासमोर आणायचं नाही. थोड्या वेळाने एकाने दुसऱ्याच्या मागून चालायचं, मग अदलाबदल, म्हणजे दोघांनाही एकमेकांच्या वाटेचा आणि लघवीचा वास घेता येतो. दोघं इकडेतिकडे बघायला, वास घ्यायला लागले की अंतर कमी करा. पहिला वास मागच्या बाजूने, दोन-तीन सेकंद, आणि 'चला' म्हणून पुढे. पुन्हा थोड्या वेळाने. चालणं झाल्यावर दोघांना थोड्या अंतरावर बसवून तुम्हीही काही न करता बसा. हा कंटाळवाणा भाग लोक गाळतात आणि मला नेमका तोच बघायचा असतो. एकदा अशाच बसलेल्या वेळी एका मास्टिफ नराने दोरीच्या टोकापर्यंत जाऊन मादीकडे पाहिलं, तिने जांभई देऊन तोंड फिरवलं, आणि तो परत येऊन मालकाच्या पायाशी आडवा झाला. मालकाला वाटलं, काहीच घडलं नाही. मी त्याला तिथेच सांगितलं की ही जोडी जमेल. पुढे ती जमलीही.

अशा भेटी निरनिराळ्या दिवशी घ्या. एका भेटीवर निर्णय नको. सगळं ठीक वाटलं तर संस्थेकडे 'आधी फॉस्टर, मग दत्तक' अशी मुदत मागा. ज्या संस्था मोठ्या कुत्र्यांची नीट काळजी घेतात त्या आनंदाने देतात. मुदत मिळाली की घरी आल्यावर मोकळेपणाने निरीक्षण करता येतं. 'आता काहीही झालं तरी निभावायचंच' या दडपणाखाली माणसं धोक्याच्या खुणांकडे डोळेझाक करतात.

आरोग्याचं थोडक्यात. नवं कुत्रं आश्रयगृहातून थेट येत असेल तर दहा ते चौदा दिवस वेगळी खोली, वेगळी भांडी. केनेल कफ, डिस्टेंपर, पार्वो या संसर्गजन्य आजारांची लक्षणं बहुधा या काळात दिसतात. पार्वोचा विषाणू जमिनीवर महिनोन्महिने टिकतो, तेव्हा डेनच्या लसी आधी पूर्ण करून घ्या. जंत, गोचीड, गोचीडताप आणि त्वचेची तपासणी करून घ्या. डासांमुळे होणाऱ्या हार्टवर्मची (हृदयातल्या जंतांची) नेहमीची चाचणी संसर्गानंतर सुमारे सहा महिन्यांनी खात्रीने पकडते, त्यामुळे ती सहा महिन्यांनी पुन्हा करावी लागते. फॉस्टर घरात बरेच दिवस निरोगी राहिलेल्या कुत्रीसाठी पशुवैद्य हा काळ कमी करू शकतील.

घरात आणण्याच्या दिवशी आधी दोघांना एकत्र फिरवा. डेनला बाहेर ठेवून तिला रिकामं घर हुंगू द्या, मग तिला अंगणात किंवा एका खोलीत नेऊन त्याला आत घ्या, आणि त्यानंतर दोघांना सैल दोरीवर एकत्र. खेळणी, हाडं, रिकामी भांडीसुद्धा उचलून ठेवलेली असावीत. उंच बेबी गेट आधीच बसवा. डेन साध्या गेटवरून नुसती मान टाकत नाही, ओलांडूनही जातो. झोपायच्या जागा कुत्र्यांच्या संख्येपेक्षा जास्त ठेवा आणि पाणी दोन ठिकाणी. फरशी गुळगुळीत असेल तर वाटेवर सतरंजी किंवा रबरी चटया टाका. मोठं कुत्रं घसरून दुसऱ्यावर आदळलं की त्याला कळत नाही की हा अपघात होता.

घराचा नकाशा कुत्र्याच्या नजरेने बघा. आडवा पडलेला डेन अख्खी बोळकांडी अडवतो. पलीकडे असलेल्या नव्या कुत्रीला बाहेर यायचं असेल तर तिला त्याच्या अंगावरून उडी मारावी लागेल, नाहीतर अडकून पडावं लागेल. अशा जागी गुरगुर होते आणि मालक म्हणतात 'कारण नसताना'. त्याची गादी वाटेतून हलवून भिंतीला लावा, एवढ्याने कितीतरी प्रश्न मिटतात. दाराशीही तेच. बेल वाजली, दोघं एकाच फटीकडे धावले, पहिला दुसऱ्यावर आपटला की सगळी उत्तेजना शेजारच्यावर निघते. पहिले काही आठवडे बेल वाजली की दोघांना वेगवेगळ्या चटईवर पाठवायची सवय लावा.

खाण्याच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही, आणि कारण फक्त भांडणाचं नाही. ग्रेट डेनसारख्या खोल छातीच्या कुत्र्यांमध्ये पोट फुगून पीळ बसण्याचा धोका फार मोठा असतो. पर्ड्यू विद्यापीठाने ११ मोठ्या आणि महाकाय जातींवर केलेल्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाढतं वय, जवळच्या नात्यातल्या कुत्र्याला तो आजार झालेला असणं, भराभर खाणं आणि उंच स्टँडवरचं भांडं यांचा धोक्याशी संबंध दिसला. शेजारी दुसरं कुत्रं खात असेल तर शांत खाणारं कुत्रंही अधाशासारखं गिळायला लागतं. म्हणून वेगळ्या खोल्या, बंद दार, दिवसातून निदान दोनदा विभागून जेवण, आणि जेवण संपल्यावर भांडी उचलून मगच दार उघडायचं. पोट ताठ होणं, ओकारीचा जोर पण बाहेर काहीच न येणं, लाळ, अस्वस्थ येरझाऱ्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी दवाखान्यात न्या. नवीन कुत्रीच्या नसबंदीची शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर त्याच वेळी जठर टाके घालून पोटाच्या आतल्या भिंतीला जोडून घेण्याबद्दल पशुवैद्याशी बोला. शेफर्डच्या छातीची ठेवण पाहता तो विचार करण्यासारखा आहे.

तुम्हाला कुणीतरी सांगेलच की 'डेनला बॉस ठेवा, त्याला आधी खायला द्या, नवीला जमिनीवर दाबून जागा दाखवा.' यातलं शेवटचं तर कधीच करू नका. ही कल्पना मुख्यतः रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त, एकमेकांना परक्या लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणातून आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच (Mech) यांनी १९९९ साली दाखवून दिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. घरातल्या दोन प्रौढ कुत्र्यांना तो हिशेब लागू करून कुणाचंही भलं झालेलं मी पाहिलं नाही. कोण आधी खातं यापेक्षा दोघांनाही आपली वाटी नक्की मिळणार ही खात्री वाटणं जास्त उपयोगाचं.

पहिली गुरगुर होईल, ती होऊ द्या. गुरगुरणं म्हणजे 'जरा लांब हो' एवढंच. दुसऱ्याने ऐकलं आणि तो बाजूला झाला, तर दोघांनीही उत्तम काम केलं. गुरगुरल्याबद्दल रागावलात तर कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि थेट चावायला शिकतं. तुमचं काम एवढंच की गुरगुर कुठे झाली ते लक्षात ठेवायचं आणि तिथली व्यवस्था बदलायची. तुम्ही घरात नसाल तेव्हा पहिले दोन-तीन महिने दोघं बंद दाराच्या दोन बाजूंना, सगळं छान चाललेलं असलं तरी. तीन दिवस भांबावलेले, तीन आठवडे रुळण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला, असा एक अंदाज दत्तकाच्या क्षेत्रात सगळे वापरतात. तो काही शास्त्रीय नियम नाही, पण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास कुत्रं धीट होतं आणि खरे आग्रह दाखवायला लागतं हे मलाही वारंवार दिसतं. तेव्हाच मालक सैल पडलेले असतात.

भांडण झालंच तर गळपट्ट्याला हात घालू नका, चावे तिथेच बसतात. दोन माणसं असतील तर दोघांनी एकाच वेळी मागच्या मांड्यांना धरून मागे ओढायचं आणि वळवत दूर न्यायचं. एकटे असाल तर मध्ये फळी, खुर्ची, जाड चादर किंवा पाण्याचा जोरदार फवारा. म्हणूनच पहिले काही दिवस, तुमच्या देखरेखीखाली, दोघांच्या अंगावर हलकी दोरी लोंबती ठेवावी. दोघांनाही जाळीच्या मझलची (तोंडावर बांधायच्या मुसक्याची) सवय आधीच खाऊ देत देत लावून ठेवा. गरज पडली तर ते शिक्षा वाटत नाही.

परत देण्याची वेळ कुठली, हेही आजच ठरवा, डोकं शांत असताना. टाके पडतील अशी जखम, इशारा न देता झडप, एकाने दुसऱ्याला टप्प्यात धरून ताठ नजरेने पाळत ठेवणं, किंवा एकाने घाबरून खोलीबाहेर येणंच सोडणं: यातलं काही दिसलं तर वर्तनाचं काम करणाऱ्या पशुवैद्याला लगेच गाठा, आणि त्यांचंही मत तसंच पडलं तर तिला फॉस्टर घरी परत पाठवा. नाव ठेवायला कुणी आलं तर येऊ दे. एका खोलीत भीत जगणारं कुत्रं घरात ठेवणं हा चांगुलपणा नव्हे.

राहता राहिला रॉटवायलर. घरी मुलं विचारतील त्याचं काय, म्हणून सांगते. आश्रयगृहाला तुम्ही पाहिलेलं सगळं लिहून कळवा: मोठ्या नराशी तो कसा खेळला, किती वेळाने थकला, मध्ये थांबवल्यावर थांबला का, दोरीला किती ओढत होता, तुमच्या हाकेला वळला का. अनोळखी कुत्र्याबरोबरच्या प्रत्यक्ष भेटीची अशी नोंद त्याच्या कागदांत बहुधा नसेलच. नसबंदी झालेली, धट्टीकट्टी, समवयस्क मादी असलेलं आणि रोज लांब चालणारं घर त्याला शोभेल, हेही त्यांना सुचवा. तसं घर तुमच्या ओळखीत असेल तर त्यांची गाठ तुम्हीच घालून द्या.